त्या इलेक्ट्रो अल्बमच्या परीक्षणाबद्दल थोडं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या नव्या इलेक्ट्रॉनिक अल्बमचं परीक्षण आलंय ना, दीड कॉलमचं, ते वाचून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबणार आहे, छापताना कापा हवं तर. आधी आभार, कारण असल्या संगीताला मराठी पेपरात जागा मिळते हेच कमी नाही, त्यातून पहिलाच अल्बम असलेल्या कलाकाराला मिळाली हे तर फारच झालं. पण अख्खं परीक्षण वाचून झालं तरी अल्बम वाजतो कसा हे काही शेवटपर्यंत कळलं नाही हो. "80च्या दशकाची सफर", "नॉस्टॅल्जिया", "रोबोटिक सूर", "रेट्रो", झालं, अडीच स्टार, विषय संपला. कव्हरच्या रंगसंगतीवर चार ओळी आहेत आणि बेसवर एक शब्द नाही, आणि या अल्बममध्ये निम्मं काम बेस करतोय!

दुसरं म्हणजे इलेक्ट्रो आणि टेक्नो हे एकच असल्यासारखं लिहिलंय. एका वाक्यात ट्रॅक इलेक्ट्रो, पुढच्या वाक्यात तोच ट्रॅक टेक्नो. नात्यातले आहेत, मान्य, पण ऐकताना फरक लगेच कळतो, त्यासाठी काही तज्ज्ञ असावं लागत नाही. टेक्नोत किक ड्रम प्रत्येक ठोक्यावर पडतो, धप धप धप धप, न चुकता. इलेक्ट्रोत किक तुटक येतो, जिथे वाट बघतो तिथे येत नाही आणि भलत्याच ठिकाणी दोनदा पडतो, स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, मात्र दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठाम उभा असतो, आणि मधल्या ज्या मोकळ्या जागा राहतात ना, सगळी मजा त्यात आहे. टेक्नोवर पाय आपोआप चालायला लागतात, इलेक्ट्रोवर आधी मान आणि खांदे हलतात. या अल्बमचे पहिले चार ट्रॅक इलेक्ट्रो आहेत, पाचव्यात मध्येच ठेका सरळ होतो आणि तिथून पुढे टेक्नो. तो बदल इतका बेमालूम केलाय की पहिल्यांदा ऐकताना माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममधली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे. परीक्षणात तिचा उल्लेखच नाही.

आता "नक्कल" या शब्दाबद्दल. तुमचे समीक्षक म्हणतात की हे सगळं आधी होऊन गेलंय. अहो, ज्याला पहिला मोठा इलेक्ट्रो रेकॉर्ड म्हणतात तोच मुळात आधी होऊन गेलेल्या गोष्टींवर उभा आहे! 1982 साली न्यूयॉर्कमध्ये डीजे आफ्रिका बंबाटा आणि त्याच्या सोलसोनिक फोर्स ग्रुपनी 'प्लॅनेट रॉक' केलं, निर्माता आर्थर बेकर, कीबोर्डवर जॉन रोबी. त्यातली मुख्य धून कुठली, तर जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या ग्रुपच्या 1977च्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची, आणि ठेका त्यांच्याच 1981च्या 'नंबर्स'वरून घेतलेला. मूळ रेकॉर्डमधला तुकडा उचलून, म्हणजे सॅम्पल करून, चिकटवलं नव्हतं, बसून पुन्हा वाजवलं होतं. ड्रम मशीनसुद्धा स्वतःचं नव्हतं, बेकरने सांगितलंय की पेपरातली छोटी जाहिरात बघून एका माणसाला त्याच्या मशीनसकट भाड्याने बोलावलं होतं (बघा, पेपरातल्या छोट्या जाहिरातींनी संगीताचं काय काय भलं केलंय). म्हणजे धून जर्मनीची, मशीन जपानी, तेही भाड्याचं, आणि तरी जे तयार झालं तसं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे जुनं घेतलं म्हणून नक्कल असा नियम लावायचा तर या प्रकारातलं काहीच शिल्लक राहणार नाही. घेतलं कुठून यापेक्षा घेऊन केलं काय हे विचारायला हवं होतं, ते विचारलेलं नाही.

ते मशीन म्हणजे रोलँडचं टीआर-808. 1980 मध्ये आलं, 1983 मध्ये बंदसुद्धा झालं, सगळी मिळून साधारण 12,000 बनली. त्या वेळी ते फारसं चाललं नाही, कारण त्यातले ड्रम खऱ्या ड्रमसारखे वाजत नव्हते आणि त्याच सुमारास लिन या अमेरिकन कंपनीची मशीनं आली होती ज्यांत खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून भरलेले होते. ती महाग, पण आवाज अस्सल. 808मध्ये रेकॉर्ड केलेलं काहीच नाही, एका सर्किटला विजेचा झटका द्यायचा, ते घुमतं आणि हळूहळू विझतं, तोच किक. किती वेळ घुमत ठेवायचं त्याला वेगळा नॉब आहे, तो वाढवला की किकचा बेसच होऊन जातो. त्यात वापरलेले काही ट्रान्झिस्टर तर कंपन्यांनी सदोष म्हणून बाजूला काढलेले होते, त्यांच्यामुळेच त्या सळसळणाऱ्या आवाजाला तो पोत आला, आणि पुढे तसे सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले तेव्हा मशीन बनवणंच थांबलं. मग ही मशीनं सेकंडहँड दुकानांत मातीमोल भावात पडून राहिली आणि ज्या पोरांना दुसरं काही परवडत नव्हतं त्यांनी उचलली. रोलँडच्याच टीबी-303चं तसंच, 1981 ते 84, दहा हजारांच्या आसपास बनली, एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेला डबा, आणि त्या कामासाठी कुणालाच आवडला नाही.

आज आपण ज्याला "व्हिंटेज" म्हणून डोक्यावर घेतो किंवा नाक मुरडतो तो आवाज त्या वेळी नाकारलेल्या मालाचा आवाज होता, आणि तो वापरणाऱ्यांना भूतकाळाची काडीचीही ओढ नव्हती. त्यांच्या ट्रॅकची नावं बघा ना, सगळं अंतराळ, कॉम्प्युटर आणि उडत्या तबकड्या. मग आज कुणी तोच आवाज घेऊन काही नवं बांधलं तर ती आपोआप आठवणींची सफर कशी काय होते? पेटी तर त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तीही बाहेरूनच आलेली. कुणी पेटीवर नवी चाल बांधली तर आपण तिला 19व्या शतकाचा नॉस्टॅल्जिया म्हणतो का? आपण चाल बरी आहे की नाही एवढंच बघतो.

मशीन सगळं ठरवत नाही याचं एक उदाहरण देतो, आणि ते दिल्याशिवाय मला राहवत नाही. 303मध्ये 16 घरांचा एक ठेका भरता येतो, प्रत्येक घराला सूर द्यायचा, हवा तर जोर द्यायचा, आणि हवं तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, त्याला स्लाइड म्हणतात. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनी 1982 मध्ये जुपिटर-8 सिंथेसायझर, 808 आणि 303 ही तीन मशीनं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, त्याची रेकॉर्ड निघाली आणि विशेष कुणी विचारली नाही. त्यांना त्या डब्यात काय दिसलं, तर ती स्लाइड, कारण रागात एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं लागतंच. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोत फ्यूचर या ग्रुपच्या पोरांनी तोच डबा घेतला, सूर तेच ते फिरत ठेवले आणि आवाजाचे नॉब पिळत बसले, त्यातून तो चिरकणारा, वळवळणारा आवाज निघाला ज्याला जग अ‍ॅसिड हाऊस म्हणतं. 2010 मध्ये सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लगेच बातम्या आल्या की अ‍ॅसिड हाऊस भारतीयाने शोधलं, पण तसं काही नाहीये, शिकागोवाल्यांनी ती ऐकलेलीच नव्हती, सिंगांनाही तिकडचं काही माहीत नव्हतं. एकाच मॉडेलचे डबे, माणसं वेगळी, संगीत पार वेगळं. मला ही गोष्ट "आपणच पहिले" यापेक्षा कितीतरी जास्त भारी वाटते, पण ते असो.

आता मूळ अल्बमकडे. तिसरा ट्रॅक परत एकदा ऐका अशी तुमच्या समीक्षकांना विनंती आहे, आणि हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, कारण त्यात खालचा बेस येतच नाही आणि मग उरते नुसती वरची टिकटिक, तेव्हा रोबोटिक वाटणारच. त्या ट्रॅकमध्ये किक घुमत असताना बेस मुद्दाम गप्प राहतो आणि किक विझला की बरोबर त्या पोकळीत येतो, दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. 80च्या दशकातल्या रेकॉर्डमध्ये हे इतकं स्वच्छ नसायचं, तेव्हा सगळं थोडं गढूळ असायचं. साधन जुनं, आवाजाची वंशावळ जुनी, पण जागा सोडायची ही समज आजची आहे. चौथ्या ट्रॅकमध्ये काउबेल आहे, 808चा तो टिणटिणाट ज्याचा वीट यावा इतका वापर झालाय, तर इथे तो अख्ख्या ट्रॅकमध्ये मोजून तीनदा येतो. एवढा संयम पहिल्या अल्बममध्ये सहसा दिसत नाही.

पण मी काही वकीलपत्र घेतलेलं नाही. सहावा ट्रॅक, ज्याच्यात व्होकोडरमधून "आय अ‍ॅम द मशीन" छापाचं काहीतरी सारखं येत राहतं, तो मात्र खरोखर जुन्याची नक्कल आहे आणि तिथे तुमच्या समीक्षकांचं अगदी बरोबर आहे. व्होकोडर म्हणजे बेल लॅब्समध्ये होमर डडलीने 1930च्या दशकात टेलिफोनसाठी काढलेलं तंत्र, माणसाचा आवाज मोजायचा, तुकड्यांत पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा जोडायचा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांची गुप्त बोलणी ज्या यंत्रणेवरून व्हायची तिच्यातही तेच होतं. असला इतिहास असलेलं यंत्र हाताशी असताना त्याच्याकडून फक्त "मी रोबोट आहे" वदवून घ्यायचं, 40 वर्षं सगळे तेच वदवून घेताहेत! इथे कलाकाराने डोकं चालवलेलं नाही, आवडत्या रेकॉर्डला मुजरा करून मोकळा झालाय. तर नॉस्टॅल्जिया अल्बममध्ये आहेच, पण एका ट्रॅकमध्ये, आणि तुम्ही तो सरसकट सगळ्यांना चिकटवलाय.

"एकसंध नाही" ही तक्रार मला अर्धीच पटली. या संगीताची खरी भाकरी 12 इंची सिंगल आहे, एका बाजूला एक किंवा दोन ट्रॅक, डीजेने वाजवायचे, संपलं. अल्बम हा प्रकार इथे नंतर आणि बऱ्याचदा ओढूनताणून आलाय. हुआन अ‍ॅटकिन्स, ज्याच्यापासून डेट्रॉइट टेक्नोची सुरुवात धरतात, त्याने मॉडेल 500 या नावाने पहिला सिंगल 1985 मध्ये काढला आणि त्या नावाने पहिला पूर्ण अल्बम आला तो 1995 मध्ये. त्याच्याही आधी त्याची रिक डेव्हिसबरोबर सायबोट्रॉन ही जोडी होती, त्यांचा पहिला अल्बम 'एंटर', 1983चा. तो कधी अख्खा ऐकलाय का? एकीकडे 'क्लिअर'सारखा ट्रॅक, जो आजही वाजला की लोक काम सोडून ऐकतात, आणि दुसरीकडे जड गिटारवाली रॉक गाणी, दोन माणसं दोन दिशांना दोरी ओढताहेत हे सरळ ऐकू येतं, आणि झालंही तसंच, अ‍ॅटकिन्स थोड्याच काळात बाहेर पडला. एकसंधपणाचे मार्क द्यायचे तर 'एंटर' नापास होईल. पहिल्या अल्बममध्ये माणूस अजून ठरवत असतो की आपण कोण, ते ठरवणं ऐकू आलं तर मला त्याचं काही वाटत नाही, उलट मी तेच ऐकायला जातो.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकली, ती म्हणजे "युरोपातल्या क्लबमधलं संगीत" हे वर्णन. क्राफ्टवेर्क युरोपातलेच, ते नाकारत नाही. पण टेक्नो उभं केलं डेट्रॉइटच्या आणि आसपासच्या कृष्णवर्णीय तरुणांनी. अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन हे तिघं जवळच्या बेलव्हिल गावात एकत्र शाळेत होते, रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक लागायचा, तो क्राफ्टवेर्क, प्रिन्स आणि फंक एकामागून एक बिनधास्त लावायचा, आणि यांचे कान तिथे तयार झाले. शहराची लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2010 पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली, गाड्यांच्या कारखान्यांनी ज्या शहराला मोठं केलं तिथे ही पोरं मशीनच्या आवाजातून पुढच्या काळाबद्दल बोलत होती. बर्लिनमध्ये भिंत पडल्यावर जे सुरू झालं त्याला माल याच लोकांनी पुरवला, तिथल्या ट्रेसॉर क्लबने 1991 मध्ये स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं तेव्हा पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सवाल्यांची होती. 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, चांगलंच झालं, पण अशा बातम्यांनंतर मूळ लोकांची नावं गळून पडतात, आणि निदान आपण तरी त्याला हातभार लावू नये.

आणि "शब्द नाहीत म्हणून आशय नाही" हे वाक्य तर समीक्षकांनी घाईत लिहिलं असावं अशी मी स्वतःची समजूत घालतोय. ज्या देशात लोक तासभर आलाप ऐकतात तिथल्या वाचकाला हे सांगायचं? डेट्रॉइटचेच ड्रेक्सिया घ्या, जेम्स स्टिन्सन आणि जेरल्ड डोनाल्ड, शुद्ध इलेक्ट्रो, गाणं जवळपास नाहीच. पण 1997च्या त्यांच्या संकलनाबरोबर एक मजकूर होता: गुलामांच्या जहाजांवरून ज्या गरोदर आफ्रिकी बायकांना समुद्रात फेकलं गेलं त्यांची बाळं पाण्यात श्वास घ्यायला शिकली असतील तर? त्यांच्या ट्रॅकची नावं सगळी पाण्याची, आवाज बुडबुडे आणि लाटांसारखे, आणि हळूहळू समुद्राच्या तळाशी एक अख्खी वस्ती उभी राहते, एक ओळ न गाता. त्यांचे सिंगल 1992 पासून निघत होते, अल्बम म्हणून केलेलं पहिलं काम 1999चं, आणि 2002 मध्ये स्टिन्सन गेलाच. आशय नाही म्हणायला जीभ रेटत नाही हो. आता या नव्या अल्बममध्ये तेवढं खोल काही आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही, ट्रॅकची नावं तर अगदीच कामचलाऊ आहेत, आकडे आणि अक्षरं, जणू फाइल सेव्ह करताना जे सुचलं तेच ठेवलंय. पण ही टीका करायची तर नावांवरून करा, शब्द नाहीत म्हणून नको.

कलाकाराने खरी मशीनं वापरली की कॉम्प्युटरवरची प्लगइन, म्हणजे त्यांची सॉफ्टवेअर नक्कल, हा प्रश्न परीक्षणात दोनदा आलाय, त्यावर मला फार काही बोलायचं नाही. मला कानाने ओळखता आलं नाही, आणि ज्यांना येतं असं म्हणतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना डोळे बांधल्यावर येत नाही.

विनंती इतकीच की पुढच्या वेळी असा अल्बम आला तर स्टारची जागा वाचवून तिथे आणखी चार ओळी द्या, ठेका कसा आहे, बेस काय करतो, कोणता ट्रॅक आधी ऐकावा, एवढं जरी सांगितलं तरी ज्याने हे कधी ऐकलं नाही तो निदान एकदा लावून बघेल. परीक्षण वाईट लिहा, खुशाल लिहा, पण आवाजाबद्दल लिहा. मीच सुरुवात करतो: अल्बमचा आवाज जरा जास्तच चढवलाय, मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवताना, सगळं दाबून एका पातळीला आणलंय, त्यामुळे ज्या मोकळ्या जागांचं मी वर कौतुक केलं त्या शेवटच्या दोन ट्रॅकमध्ये पार बुजून गेल्यात, आणि शेवटचा ट्रॅक तीन मिनिटं आधी संपायला हवा होता. विनाइलही काढणार आहेत म्हणे. त्यात इतका चढा आवाज आणि इतका बेस एकत्र मावतच नाही, लांब बाजू असेल तर आवाज उतरवावाच लागतो, त्यामुळे तिथे वेगळं मास्टरिंग करावं लागेल आणि कदाचित तीच आवृत्ती जास्त बरी वाजेल. ती आली की तिचंही परीक्षण छापा, समीक्षक तेच असले तरी चालतील, फक्त त्यांना बरे हेडफोन द्या.

कळावे,
आपला एक नियमित वाचक